कात टाकण्याचे दिवस



आजच्या भाषणाचा विषय ऐकून तुमच्यापैकी काही जणांना हसू येईल. पेंग्विन आणि शेवंड. एक पक्षी, दुसरी कवचाची. एकाला पाय दोन, दुसरीला दहा. एकाला पाहायला लोक तिकीट काढून रांगेत उभे राहतात, आणि दुसरी नुसती दिसली तरी आम्हा कोकणातल्या माणसांच्या तोंडाला पाणी सुटतं. या दोघांना एका तागडीत घालायचं ते कशासाठी, असं कुणीही विचारील.

मी काही विज्ञानाचा विद्यार्थी नव्हे. बी. ए. झालो, कविता लिहिल्या, त्यातच केस पांढरे झाले. पण दोन न जुळणाऱ्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहायची खोड कवीलाच असते. उपमा म्हणजे तरी दुसरं काय? आणि या दोघांच्या बाबतीत तर निसर्गानंच त्यांना शेजारी ठेवलेलं आहे. एकाच किनाऱ्यावर, एकाच थंडगार पाण्यात.

तो किनारा दक्षिण आफ्रिकेतल्या केप प्रांताचा. आमच्या घरात त्याचं नाव फार लहानपणी कानावर पडलं. रायगड, रत्नागिरीच्या खाडीकाठच्या गावांतले बरेच मुसलमान शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पोटापाण्यासाठी केपटाऊनला गेले. तिथं त्यांना अजूनही ‘कोकणी’ म्हणूनच ओळखतात. माझ्या आईचे एक चाचा त्यांतलेच. छोटं दुकान होतं त्यांचं. आम्ही त्यांना कधी पाहिलं नाही, पण घरात सगळे त्यांना ‘केपवाले चाचा’ म्हणत. आई सांगायची, चाचांनी एकदा पत्रात लिहिलं होतं, ‘इकडेही शेवंड मिळते, पण इकडची शेवंड मुकी आहे.’

हे वाक्य माझ्या डोक्यात घर करून राहिलं. शेवंड मुकी म्हणजे काय? कोळ्यांना, दालदी भावांना विचारा. आपल्याकडची शेवंड जाळ्यातून काढताना ‘कर्र कर्र’ असा आवाज करते. तिच्या लांब मिशांच्या बुडाशी एक खरखरीत जागा असते, ती घासून ती हा आवाज काढते. शत्रूला दचकवायचा तो उपाय. केपच्या शेवंडीकडे हे वाद्यच नाही. पुढं कधीतरी वाचनात आलं, की शास्त्रज्ञांनीही या कुळाचे दोन गट केले आहेत, एक आवाज करणाऱ्यांचा आणि दुसरा मुक्यांचा. केपची शेवंड, शास्त्रीय नाव जासस लालांडी, मुक्यांच्या गटात येते. दुकानदार चाचांचं निरीक्षण अचूक होतं.

आणि तिचा शेजारी? तो एक नंबरचा गोंगाट्या. आफ्रिकन पेंग्विनचं ओरडणं थेट गाढवासारखं असतं. म्हणून इंग्रजीत त्याला कित्येक वर्षं ‘जॅकअ‍ॅस पेंग्विन’ म्हणत. मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेत २०१६ साली पेंग्विन आले, ते तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. ते हम्बोल्ट जातीचे, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. आफ्रिकन पेंग्विन त्यांचा सख्खा चुलतभाऊ. दोन-अडीच फूट उंची, दोन ते चार किलो वजन, डोळ्यांवर गुलाबी कातडीचा पट्टा. उन्हात अंग तापलं की त्या पट्ट्यात रक्त जास्त खेळतं आणि उष्णता बाहेर टाकली जाते. बर्फाशी या पक्ष्याचा काही संबंध नाही. तो वाळूत, झुडपांखाली, खडकांच्या आडोशाला घर करतो.

हजारोंच्या गर्दीत नर-मादी एकमेकांना आवाजावरून ओळखतात. इटलीतल्या प्राणिसंग्रहालयांमध्ये या पेंग्विनांचे आवाज ध्वनिमुद्रित करून अभ्यासले गेले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आढळलं, की त्यांच्या पुकाऱ्यात जे आवाज वारंवार येतात ते आखूड असतात, आणि क्वचित येणारे लांब. माणसांच्या भाषेतही तसंच असतं. ‘ये’, ‘जा’, ‘दे’, ‘घे’ हे शब्द किती छोटे आहेत पाहा! गाढवासारखं ओरडणाऱ्या त्या पक्ष्यालाही शब्दांची काटकसर कळते. आम्हा कवींपैकी सगळ्यांनाच ती जमते असं नाही.

असो. तर एक ओरडणारा, एक मुकी. आता हे दोघं राहतात ते पाणी कसं आहे, तेही सांगतो. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यानं दक्षिणेकडून उत्तरेकडे बेंग्वेला नावाचा थंड प्रवाह वाहतो. उन्हाळ्यात तिथं आग्नेयेचा वारा सुटतो. केपटाऊनचे लोक त्याला ‘केप डॉक्टर’ म्हणतात, कारण तो शहरातली घाण आणि रोगराई उडवून नेतो अशी जुनी समजूत. हा वारा किनाऱ्यालगतचं पाणी बाहेर ढकलतो आणि त्या जागी तळाचं थंड पाणी वर येतं. त्या पाण्यात खताचा सगळा सारा असतो. मग सूक्ष्म वनस्पतींचं पीक येतं, त्यावर सार्डिन आणि अँकोव्ही पोसतात. आपल्या तारली आणि मांदेलीचे हे भाऊबंद. पेंग्विन जगतो तो याच माशांवर. शेवंड खाली खडकांत राहून शिणाणे आणि काटेरी सी अर्चिन फोडून खाते. म्हणजे एकाची पंगत वर, दुसरीची खाली, पण वाढपी एकच, तो आग्नेयेचा वारा.

संसाराच्या रीती मात्र दोघांच्या पार वेगळ्या. पेंग्विनची मादी एका वेळी दोन अंडी घालते. नर आणि मादी पाळीपाळीनं जवळजवळ चाळीस दिवस ती उबवतात. पुढं दोन-तीन महिने एक जण घरी, एक जण समुद्रावर, असा संसार चालतो. पिल्लू वाचलंच तर वयात यायला आणखी चारेक वर्षं लागतात.

शेवंडीची मादी हजारोंनी अंडी देते. मोठी मादी असेल तर लाखाच्या घरात. ती शेपटीखाली चिकटवून घेऊन ती सुमारे तीन महिने फिरते. एकदा पिल्लं सुटली, की मग आईचा आणि त्यांचा संबंध संपला. पिल्लं कसली, काचेच्या पातळ पानासारखे जीव. प्रवाहाबरोबर खोल समुद्रात जातात आणि नऊ-दहा महिने, कधी त्याहून जास्त, तरंगत राहतात. त्यातून जी थोडी जगतात ती पुन्हा किनारा शोधत येतात आणि खडकाच्या फटीत शिरतात. पकडण्याजोगी मोठी व्हायला शेवंडीला सात ते दहा वर्षं लागतात.

दोन लेकरं आणि जिवापाड सांभाळ, हा एक मार्ग. लाख लेकरं आणि अल्लाच्या भरवशावर सोडून देणं, हा दुसरा. लाखो वर्षं दोन्ही मार्ग नीट चालले होते. म्हणजे यातला कुठलाही चूक नव्हता.

आता या दोघांमधलं साम्य. माझ्या बोलण्याचा गाभा तोच आहे. दोघांनाही वर्षातून कात टाकावी लागते.

आपण मराठीत ‘कात टाकली’ असं फार आनंदानं म्हणतो. गावानं कात टाकली, एस. टी. स्टँडनं कात टाकली. म्हणजे जुनं गेलं, नवं तेज आलं. पण कात टाकणाऱ्या जिवाला विचारलं तर तो वेगळं सांगेल. त्याच्यासाठी ते वर्षातले सगळ्यात धोक्याचे दिवस असतात.

बहुतेक पक्षी एकेक दोन दोन पिसं बदलतात, त्यामुळं त्यांचं उडणं थांबत नाही. पेंग्विनची सगळी पिसं एकदम झडतात. खालून नवी येतात आणि जुनी ढकलून टाकतात. जवळजवळ तीन आठवडे हा पक्षी फाटक्या गोधडीसारखा दिसतो. त्या दिवसांत त्याच्या अंगाला पाणी लागून चालत नाही, पिसांतून पाणी आत शिरलं तर तो थंडीनं मरेल. म्हणून तो समुद्रात उतरतच नाही. आणि समुद्रात उतरायचं नाही म्हणजे खायचं नाही. तीन आठवड्यांचा कडक उपास. या काळात त्याचं जवळजवळ निम्मं वजन उतरतं.

मग तो जगतो कसा? उपासाच्या आधी सुमारे पाच आठवडे तो समुद्रात पोटभर खाऊन अंगावर चरबी चढवतो. रमजानमध्ये आम्ही सहरी करतो, तशी ही त्याची सहरी. फरक इतकाच, की माणसाची सहरी चुकली तरी संध्याकाळी मगरिबची बांग होते आणि खजूर हातात येतो. पेंग्विनची सहरी चुकली तर त्याची संध्याकाळ होतच नाही.

शेवंडीचं कवच वाढत नाही. आत अंग वाढायचं असेल तर जुनं कवच सोडावंच लागतं. पाठ आणि शेपटी यांच्या सांध्यात ते उकलतं आणि शेवंड त्यातून मागं सरकत बाहेर येते. पायांवरचं, मिशांवरचं, डोळ्यांवरचं, इतकंच काय, जठराच्या आतलं अस्तरसुद्धा ती टाकून देते. बाहेर येते तेव्हा अंग मऊ लोण्यासारखं. नवं कवच टणक होईपर्यंत ती कपारीत दडून राहते. या वेळी कुणीही तिला खाऊ शकतं, तिच्या जातीच्या इतर शेवंडीसुद्धा. तिचा एखादा पाय तुटला असेल तर तो कात टाकताना पुन्हा उगवतो. पण मग त्या वर्षी अंगाची वाढ कमी होते. निसर्गाच्या वहीत उधारी नाही. इकडं खर्च झालं की तिकडं कमी पडतं.

तर दोघांचं जगणं दोन गोष्टींवर उभं आहे. एक, कात टाकण्याआधी पोटात पुरेसं अन्न असणं. दोन, कात टाकताना दडायला जागा असणं. माणसानं नेमका या दोहोंवर हात मारला.

आधी दडायच्या जागेचं सांगतो. पेंग्विनांच्या बेटांवर पक्ष्यांच्या विष्ठेचे शतकानुशतकांचे थर साचले होते. त्याला ग्वानो म्हणतात. पेंग्विन त्यातच बिळं खणून अंडी घालत. बाहेर कितीही ऊन असो, आत गारवा. पुढं युरोपला कळलं, की हे शेतीसाठी उत्तम खत आहे. १८४३ ते १८४५ या दोन-तीन वर्षांत नामिबियाच्या किनाऱ्याजवळच्या इचाबो बेटावर शेकडो जहाजं लोटली आणि त्यांनी बेट खडकापर्यंत खरवडून काढलं. इतर बेटांचंही तेच झालं. पेंग्विन उघड्यावर आला. वर तापतं ऊन, भोवती अंडी पळवणारे समुद्रपक्षी.

अंडी पळवण्यात माणूसही मागं नव्हता. केपमध्ये पेंग्विनची अंडी आवडीनं खाल्ली जात. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत एक कोटीहून अधिक अंडी बेटांवरून गोळा केली गेली. हा उद्योग १९६० च्या दशकाच्या अखेरीस थांबला.

शेवंडीची कथाही त्याच सुमाराची. पूर्वी केपमध्ये ती गरिबाच्या ताटातली वस्तू होती. १८७५ च्या सुमारास ती डब्यात भरून पाठवायचा पहिला कारखाना निघाला. पुढं गोठवलेल्या शेपट्या अमेरिकेला जाऊ लागल्या. आता तर ती जिवंतच विमानात बसून पूर्व आशियातल्या हॉटेलांत पोचते. १९५० च्या दशकात वर्षाला सुमारे १८ हजार टन शेवंड पकडली जात होती. अलीकडं सरकार परवानगी देतं ती हजार टनांच्याही खाली. मासेमारी सुरू होण्याआधी समुद्रात जेवढी मोठी शेवंड होती, तिच्या जेमतेम २ टक्के उरली आहे, असा तिथल्या शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

पेंग्विनचे आकडेही वेगळे नाहीत. शंभर वर्षांपूर्वी ते लाखोंनी होते. आता अंडी घालणाऱ्या जोड्या दहा हजारांच्या आत आल्या आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये या पक्ष्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गात झाली. जगात पेंग्विनच्या अठरा जाती मानतात, त्यांतली या वर्गात गेलेली ही पहिली.

आता अन्नाचं. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून सार्डिन आणि अँकोव्ही पश्चिम किनारा सोडून पूर्वेकडं सरकू लागले. पाण्याचं तापमान आणि खारटपणा बदलला हे एक कारण, पर्ससीन जाळ्यांची मासेमारी हे दुसरं. मासा सरकू शकतो, पेंग्विनचं घर सरकत नाही. पिल्लं घरट्यात असताना तो वीस-चाळीस किलोमीटरच्या पलीकडं जाऊ शकत नाही. २०२५ च्या डिसेंबरात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. डासेन आणि रॉबेन या दोन बेटांवर २००४ ते २०११ या काळात अंडी घालणारे सुमारे ६२ हजार पेंग्विन मेले, आणि त्यांतले बहुतेक उपासमारीनं मेले असावेत, असा त्याचा निष्कर्ष आहे. उपासमार कधी झाली? कात टाकण्याच्या दिवसांत. सहरी न करता रोजा धरावा लागला, आणि तो त्यांना सोडता आला नाही. रॉबेन बेट म्हणजे तेच, जिथं नेल्सन मंडेला अठरा वर्षं कैदेत होते.

शेवंडीचं संकट आणखी विचित्र. कधी कधी त्या समुद्रात सूक्ष्म वनस्पतींचं पीक एवढं माजतं, की ते मरून कुजू लागलं की पाण्यातला प्राणवायू संपतो. मग शेवंडी श्वासासाठी किनाऱ्याकडं चालत सुटतात. उथळ पाण्यात येतात, ओहोटी लागते आणि त्या वाळूवर अडकतात. १९९७ साली एलंड्स बे या गावी अशी सुमारे २ हजार टन शेवंड बाहेर आली. २०२२ च्या मार्चमध्ये त्याच भागात ५०० टन. हवेतला पक्षी पोटासाठी पाण्यात गेला आणि पाण्यातली शेवंड श्वासासाठी जमिनीवर आली. पण पक्ष्याला त्यासाठी लाखो वर्षं मिळाली होती. शेवंडीला एक ओहोटी मिळाली.

कुणी म्हणेल, कमी झालेत तर दुसरीकडून आणून सोडा. हे इतकं सोपं नाही. याचा एक प्रयोग मला विसरता येत नाही. साल्दान्हा उपसागराच्या तोंडाशी माल्गस आणि मार्कस अशी दोन बेटं आहेत. मधलं अंतर चार किलोमीटर. माल्गसच्या भोवती शेवंडी पुष्कळ. तिथं त्या शंखातल्या गोगलगाई खाऊन टाकतात. मार्कसजवळ शेवंड नव्हती, त्यामुळं गोगलगाई अफाट वाढलेल्या. बार्काय आणि मॅक्वेड या दोन शास्त्रज्ञांनी माल्गसच्या हजार शेवंडी नेऊन मार्कसला सोडल्या. वाटलं होतं, आयतं अन्न आहे, माजतील. झालं उलटं. गोगलगाई झुंडीनं शेवंडींवर चढल्या आणि त्यांना खाऊन टाकलं. थोड्याच दिवसांत एकही शेवंड उरली नाही. १९८८ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. एका बेटावर जी खाते, तीच चार किलोमीटरवर खाल्ली जाते.

संख्या हेसुद्धा एक कवच असतं, श्रोतेहो. ते एकदा उतरलं की पुन्हा चढेलच असं नाही. पेंग्विनही गटानं शिकार करतात, माशांचा थवा खालून वर रेटतात. एकट्याला ते तितकं साधत नाही. म्हणजे पेंग्विन कमी झाले, की उरलेल्यांना आहे तो मासाही कमी मिळतो.

माणसानं फक्त नासच केला असं मात्र नाही. २३ जून २००० रोजी ‘ट्रेझर’ नावाचं मालवाहू जहाज रॉबेन आणि डासेन या बेटांच्या मधे बुडालं आणि तेल पसरलं. सुमारे १९ हजार पेंग्विन तेलानं माखले. हजारो स्वयंसेवक आले. एकेका पक्ष्याला धरून धुतलं, हातानं मासा भरवला. पेंग्विन चावतो, आणि चांगला चावतो, तरी भरवला. आणखी १९ हजारांवर पक्षी तेल लागण्याआधीच पकडून आठशे-नऊशे किलोमीटरवर, पोर्ट एलिझाबेथला नेऊन सोडले. हिशेब असा, की ते पोहत घरी येईपर्यंत इकडचं पाणी साफ होईल. तिघांच्या पाठीवर यंत्रं लावली होती. पीटर, पर्सी आणि पामेला अशी त्यांची नावं. सगळा देश रोज पाहत होता, कोण कुठवर आलं. ते आले, आपापल्या बेटांवर आले.

शेवंडीसाठी असं कधी झालं का? २०२२ साली एलंड्स बेच्या वाळूवरून जिवंत शेवंडी गोळा करून पुन्हा समुद्रात सोडण्याची खटपट झाली, हे खरं. पण एकाही शेवंडीला कुणी नाव दिलं नाही. पेंग्विन दोन पायांवर चालतो, कोट घातल्यासारखा दिसतो, जोडीदाराला हाका मारतो. त्यात आपल्याला आपण दिसतो. शेवंड मुकी. तिच्या चेहऱ्यावर आपल्याला काही वाचता येत नाही. आपली करुणा आरशासारखी आहे, समोर स्वतःसारखं कुणी असेल तरच उजळते. मुक्यासाठी बोलणं हे कवीचं काम मानतात. म्हणून आज या दोघांना एकत्र आणलं.

पण इथं तिसराही एक जण आहे, आणि त्याला विसरून चालणार नाही. तो म्हणजे केपच्या किनाऱ्यावरचा लहान मच्छीमार. वर्णभेदाच्या राजवटीत परवाने गोऱ्यांच्या आणि मोठ्या कंपन्यांच्या हातात होते. वर्णभेद गेला तरी पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जगणाऱ्या अनेकांना हक्क मिळाला नाही. ते न्यायालयात गेले, आणि २००७ साली त्यांना हंगामी सवलत मिळाली, शेवंड पकडायची. हक्क हातात आला तेव्हा समुद्र रिकामा होत आला होता. २०१८ साली दुसऱ्या एका खटल्यात न्यायालयानं सांगितलं, की शास्त्रज्ञांचा सल्ला डावलून ठरवलेला शेवंडीचा कोटा बेकायदा आहे. निकाल योग्यच. पण ज्याच्या चुलीवर त्या दिवशी काही नव्हतं, त्याला तो कसा वाटला असेल?

पेंग्विनसाठीही लोक न्यायालयात गेले. बर्डलाइफ साउथ आफ्रिका आणि सँकॉब या दोन संस्थांनी २०२४ मध्ये दावा लावला. मार्च २०२५ मध्ये मासेमारी उद्योगाशी तडजोड झाली आणि न्यायालयानं तिला आदेशाचं रूप दिलं. सहा वसाहतींभोवतीच्या पाण्यात दहा वर्षं सार्डिन आणि अँकोव्हीची जाळी टाकायची नाहीत. शिवाय मासा जिकडं गेला त्या पूर्वेकडं, डी हूप इथं, नवी वसाहत वसवायची धडपड चालू आहे. तिथं सिमेंटचे पेंग्विन उभे केले आणि ध्वनिमुद्रित हाका ऐकवल्या. २०२२ मध्ये खरे पेंग्विन तिथं आले आणि त्यांनी अंडी घातली. ओरडणाऱ्याचा हा फायदा असतो, त्याला हाक मारून बोलावता येतं. मुकीला कसं बोलवायचं? तिच्यासाठी उपाय एकच, तिला काही वर्षं तिच्या कपारीत राहू देणं. आणि तेवढ्या वर्षांत मच्छीमाराच्या घरात चूल पेटती ठेवणं. हे दुसरं झालं नाही, तर पहिलंही होणार नाही. उपाशी माणसाला बंदी पाळायला सांगणं म्हणजे सहरी न देता रोजा धरायला लावणं आहे.

आपल्याला हे नवीन नाही. पावसाळ्यात आपल्याकडं मासेमारी बंद असते. कायदा आता आला, पण त्याच्या कितीतरी आधीपासून कोळी बांधव नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी समुद्रात घालत नसत. समुद्रालाही दम घेऊ द्यायचा असतो, हे त्या रीतीत होतं. आणि त्या दोन महिन्यांसाठी घरात सुकट, सोडे, तांदूळ भरून ठेवायचे, हेही त्याच रीतीत होतं. बंदी आणि बेगमी दोन्ही बरोबर चालत. नुसती बंदी सांगणाऱ्या शहाण्यांनी ही बेगमी विसरू नये.

केपटाऊनजवळ बोल्डर्स नावाचा किनारा आहे. १९८० च्या दशकात तिथं पेंग्विनच्या दोन जोड्या येऊन राहिल्या, आणि आता तिथं मोठी वसाहत आहे. जगभरचे पर्यटक येतात. कात टाकणारा पेंग्विन पाहिला की त्यांचा जीव कळवळतो. पिसं झडलेली, मान खाली घातलेली, खात नाही, हलत नाही. हा आजारीच असणार! कुणी त्याला पाणी दाखवायला जातं, कुणी उचलायला धावतं. जाणकार त्यांना थांबवतात. म्हणतात, त्याला काही झालेलं नाही, तो कात टाकतोय. पाण्याकडं हाकलू नका, जवळ जाऊ नका. तीन आठवडे त्याला तसाच उभा राहू द्या.